डाव्या ठोक्याचा उशीर

३ मार्च, सोमवार

जुना कॉम्प्युटर शेवटी गेला. बटण दाबलं तर नुसता काळा पडदा. दुकानदाराने उघडून पाहिला, फुंकर मारली आणि डॉक्टरसारखी मान हलवली. नवा घेऊन आले तर नव्यावर माझं नऊ वर्षांचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालेना. "ते बनवणारेच बंद पडलेत हो," दुकानदार म्हणाला. इतक्या आनंदाने सांगण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

म्हणजे आता नवं शोधणं आलं. नवरोबाचा सल्ला: एकेक वापरून बघ आणि वहीत नोंद ठेव. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांच्याकडे प्रत्येक लिफ्टची एक वही असते, म्हणून त्याला वाटतं जगात प्रत्येक गोष्टीची वही असावी. ही घरात कोरी पडलेली होती.

वेळ मात्र वाईट आली. मागच्या खोलीत, भिंतींना रजया ठोकून, मी इतकी वर्षं लोकांची गाणी रेकॉर्ड केली, पण हातात असलेल्या कामाइतकी धास्ती कशाचीच घेतली नव्हती. फिजिओ मॅडमना आठ ठेके हवेत, ११ एप्रिलपर्यंत. कंपवाताच्या पेशंटचे पाय चालता चालता जमिनीला चिकटतात, आणि कानावर ठेका पडला की सुटतात. उजवा ठोका उजव्या पायाला, डावा डाव्या पायाला. मशीनचा ठोका त्यांना नको आहे. "माणसाने वाजवलेलं ऐकलं की पाऊल उचलावंसं वाटतं त्यांना," म्हणाल्या. पूर्वी मी स्टेजवर ड्रम वाजवायची, आता टेबलावर कॉम्प्युटरला जोडलेले रबराचे दोन पॅड आहेत, त्यांवर काठ्यांनी वाजवते. त्यांना तेच हवंय.

याच मॅडमनी बाबांना शेवटची सहा वर्षं चालवलं. बाबा बस चालवायचे. पन्नाशीला आले आणि स्टेअरिंगवर हात थरथरायला लागला. मी सत्तेचाळीस. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते: मी रोज सकाळी काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास डाव्या हातात धरून दहा मोजते. डावखुरी आहे, त्यामुळे तोच हात माझं सगळं काही आहे. आजही थेंब सांडला नाही.

५ मार्च, बुधवार

इंटरनेटवर विचारलं, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं. एकशे बारा उत्तरं आली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दोघेजण तर माझा प्रश्न बाजूला ठेवून एकमेकांच्या आयांपर्यंत पोचले. नावं फार लांबलचक आहेत, म्हणून मी रंगारूपावरून ठेवली: फुकटं, राखाडी, महागडं आणि भाड्याचं (ते विकत मिळतच नाही, दरमहा भाडं भरत बसायचं).

आज फुकटं लावलं. दिसायला बरं आहे, पण ठोका उशिरा पकडतं. ठेका वाजवला आणि परत ऐकला तर लंगडा. उजवा ठोका जागेवर, डावा मागे. माझ्या जुन्यात असं कधीच झालं नाही. फुकटं ते शेवटी फुकटंच.

९ मार्च, रविवार

राखाडी लावलं. तोच त्रास. इकडे सॉफ्टवेअरवाले त्याला लेटन्सी म्हणतात: पॅडवर काठी पडली आणि कॉम्प्युटरला ते कळलं, यांत जाणारा वेळ. कमी करायला एक आकडा बदलतात. मी तो इतका खाली आणला की स्पीकर तडतडायला लागले. डावा ठोका तरी मागेच.

दुपारी लेक आली होती. वही उघडी होती, डोकावली. "आई, हे तुझं अक्षर? मुंग्या चालल्यासारखं दिसतंय." म्हटलं, वही महाग झाली आहे. पण खरंच, या पानावर दुप्पट मजकूर मावला आहे. घाईत लिहिते त्यामुळे असेल.

खांदाही दुखतोय, डावा. उशी बदलायला हवी.

१२ मार्च, बुधवार

महागडं, तीस दिवस वापरून बघायला. पहिल्या पाच मिनिटांत मी त्याच्या प्रेमात पडले. काय तो आवाज, भरलेला, गोल! नवरोबाला हाक मारून ऐकवला. मग लक्षात आलं, ते नुसतं जरा मोठ्याने वाजतंय. आवाज सारखे केल्यावर राखाडीत आणि त्यात काडीचा फरक नाही. वीस वर्षं या धंद्यात आहे आणि अजून मोठ्या आवाजाला भुलते.

आणि डावा ठोका मागेच.

"नाचता येईना, अंगण वाकडं," नवरोबा दारातून म्हणाला आणि हसला. रोज असं काहीतरी म्हणतो, मीही त्याला सोडत नाही. आज मात्र मी काठी टेबलावर आपटली. तो चहा ठेवायला गेला. मग मला स्वतःचीच भीती वाटली. इतका राग कशाचा आला?

१४ मार्च, शुक्रवार

मुदत जवळ येतेय म्हणून पहिला ठेका राखाडीत केला तसाच पाठवला. म्हटलं, इतका बारीक फरक पेशंटला काय कळणार.

आज मॅडमनी हॉलमध्ये लावून बघायला बोलावलं. लांब खोली, भिंतीला कठडा, फरशीवर पिवळ्या पट्ट्या. एक आजोबा, अंगाने लहानखुरे, शर्ट नीट खोचलेला. ठेका सुरू झाला आणि त्यांचे पाय खरोखरच सुटले. उजवा, डावा, उजवा, डावा. सोळाव्या-सतराव्या पावलाला डावा पाय हवेत राहिला, ठोक्याची वाट बघत. ठोका आला तोवर अंग पुढे गेलं होतं. मॅडमनी त्यांच्या कमरेचा पट्टा धरला म्हणून, नाहीतर तोंडावरच आपटले असते.

"डावा मागे पडतोय गं," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत. आजोबाच मला म्हणाले, "माझीच चूक, पोरी. तुझा ठेका छान आहे."

घरी येईपर्यंत तेच दिसत होतं. माणूस पडला असता. माझ्या ठेक्यावर विश्वास ठेवून.

१७ मार्च, सोमवार

नवरोबाची शिकवण: दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि दोष त्या वस्तूबरोबर जातो की जागेवर राहतो ते बघायचं.

बदललं: वायर. दोष जागेवर.
बदललं: पॅडच. एका वाजवणाऱ्या मित्राकडून त्याचा आणला. दोष जागेवर.
बदललं: सॉफ्टवेअर, चौथं, भाड्याचं. दोष जागेवर.

मग नीट मोजलं. मशीनचा ठोका एका बाजूने आत सोडला आणि दुसरीकडून पकडला. सहा मिलिसेकंद उशीर. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे मिलिसेकंद. सहा कोणाच्या बापाला ऐकू येत नाहीत. माझा उजवा ठोका पाच-सात इकडेतिकडे. डावा चव्वेचाळीस मागे. आणि ठेका जसा पुढे जातो तसे पडद्यावर डाव्या ठोक्याचा जोर दाखवणारे उभे पट्टे लहान होत जातात, पायरीपायरीने.

चारही सॉफ्टवेअरमध्ये एकच दोष! नवरोबाला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "मग हात बदलून बघ. डावा पॅड उजव्या हाताने वाजव."

"बघेन," म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

नाही बघितलं. दुसरी कामं होती.

सकाळी ग्लास धरला. पाणी स्थिर, काचेसारखं. वीसपर्यंत मोजलं. बाबांचा हात तर आधी थरथरायलाच लागला होता. मला थरथर नाही, म्हणजे मला ते नाही. हे लिहिताना सुद्धा हात हलत नाही, अक्षर बारीक आहे पण सरळ आहे.

२१ मार्च, शुक्रवार

दूध करपलं. मी ओट्यापासून दोन हातांवर भाजी चिरत उभी होते. आई खालच्या मजल्यावर राहते, ती वास आला म्हणून जिना चढून वर आली. "अगं, भांडं काळं झालं! तुला वास नाही आला?" सर्दी आहे म्हटलं. सर्दी नाही.

आईने भांडं राखेने घासलं, मला घासू दिलं नाही. जाताना विचारलं, "काम कसं चाललंय?" मी म्हटलं, सॉफ्टवेअर मिळत नाहीये मनासारखं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तिने अकरा वर्षं बाबांचं सगळं केलं, घास भरवण्यापासून. तिच्यासमोर मी आजारी पडायचंच नाही असं मी फार पूर्वी ठरवून टाकलं आहे. साधं तापाचंही तिला सांगत नाही.

२२ मार्च, शनिवार

हात बदलून बघितलं नाही. खुर्चीत बसले, काठी उजव्या हातात घेतली, डाव्या पॅडवर नेली आणि उठून रजयांवरची धूळ झटकत बसले. नवरोबाने विचारलं तर खोटं सांगितलं. म्हटलं, बघितलं, काही कळलं नाही.

आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. खोटं बोललेलं त्याला कळतं. तरी त्याने नुसती रजईची दुसरी बाजू झटकायला घेतली.

२४ मार्च, सोमवार

ज्याने मला जुनं सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं त्या साउंडवाल्याला आज फोन केला. तो आता लग्नाच्या हॉलांना स्पीकर पुरवतो. म्हटलं, बाबा रे, जुन्यात सगळं बरोबर यायचं, नव्यात डावा ठोका लंगडतो, असं का?

तो हसायला लागला. "अगं, जुन्यात मी ती खूण करून दिली होती ना! रेकॉर्ड होतानाच ठोका जवळच्या जागेवर नेऊन बसवायचं ते. मी सगळ्यांनाच करून देतो. लोक खूश होतात, वाटतं आपला हात बसला."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगून काय? गिऱ्हाइकाला सांगायचं का, तुम्ही थोडे उशिरा वाजवता? सगळेच वाजवतात. नवीन घेशील त्यातही असेल बघ, शोध."

फोन ठेवला.

नऊ वर्षं मी जे परत ऐकलं, ज्याला माझा हात म्हणून मिरवलं, ते सगळं आधी सरळ केलेलं होतं. म्हणजे डावा हात कधीपासून मागे पडतोय ते कोणालाच सांगता येणार नाही. एका महिन्यापासून असेल, चार वर्षांपासून असेल. मला भीती वाटते.

२७ मार्च, गुरुवार

हात बदलून बघितलं.

उजवा हात डाव्या पॅडवर: पाच मिलिसेकंद.
डावा हात उजव्या पॅडवर: सत्तेचाळीस.

दोष हाताबरोबर गेला.

२ एप्रिल, बुधवार

पाच दिवस वही उघडली नाही. नवरोबाला सोमवारी सांगितलं. स्वयंपाकघरात तो चपात्या लाटत होता आणि मी त्याच्या पाठीशी बोलले. त्याचं लाटणं थांबलं. "मी तुला नाचता येईना म्हणालो," एवढंच तो म्हणाला आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसले. मग आम्ही दोघांनी मिळून त्याचा चेहरा धुतला.

आज मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण आहेत, लेकीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. माझा ग्लासचा प्रयोग सांगितला तर म्हणाल्या, "सगळ्यांना थरथर होतेच असं नाही. काहींचा हात नुसता हळू होतो." मी इतके दिवस चुकीच्या दाराला कुलूप लावून बसले होते. बारीक झालेलं अक्षर, दुखरा खांदा, न आलेला वास, हे सगळं त्यांनी एकाच यादीत लिहून घेतलं.

मग त्यांनी सांगितलं, अंगठ्यावर तर्जनी आपटा, मोठी, जोरात, थांबू नका. उजवा झाला. मग डावा. मी स्वतःच्याच बोटांकडे कान लावून बसले. पहिले चार नीट आले. मग प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, प्रत्येक थोडा उशिरा. बारावा आलाच नाही. डॉक्टर कागदावर लिहीत होत्या, पण त्यांच्या आधी मला कळलं होतं. आयुष्यभर लोकांचे ठेके ऐकले, दुसरं काही येतच नाही मला.

तपासण्या होतील, गोळ्या सुरू होतील. "बऱ्याच जणांची बरीच वर्षं चांगली जातात," त्या म्हणाल्या. मी विचारलं, वाजवता येईल? त्या म्हणाल्या, वाजवा. जितकं वाजवाल तितकं बरं. पुढे कसं जाईल ते मात्र आज सांगता येत नाही. निदान खोटं तरी बोलल्या नाहीत.

येताना रिक्षात नवरोबाने डावा हात हातात धरून ठेवला होता. आईला कसं सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

५ एप्रिल, शनिवार

मॅडमना सगळं सांगितलं आणि काम परत करते म्हटलं. त्या म्हणाल्या, "काम परत घेणार नाही. पेशंटच्या पायाला ठोका वेळेवर लागतो, तेवढा तू सॉफ्टवेअरने सरळ कर. बाकी जोर तुझाच राहू दे." मग म्हणाल्या, "आणि सोमवारपासून सकाळी हॉलमध्ये ये. कठड्याशी जागा आहे." तोवर मी रडले नव्हते, तिथे रडले.

सॉफ्टवेअर ठरवलं: राखाडी. महागड्यात आणि भाड्याच्यात ती सरळ करायची खूण आल्याआल्याच लावलेली असते, मला वाटतं मी पहिल्याच दिवशी घाईत, न वाचता बाकीच्या खुणा काढल्या, त्यांत तीही गेली असणार. राखाडी आधी जसं वाजलं तसं ठेवतं आणि सांगितलं तरच सरळ करतं, त्याची वेगळी प्रत करून. पेशंटसाठी सरळ केलेली प्रत पाठवेन. माझी वेडीवाकडी प्रत तारीख घालून माझ्याकडे राहील. डॉक्टर तीन महिन्यांनी विचारतील, फरक आहे का? तेव्हा माझ्याकडे आकडा असेल. घाबरत घाबरत का होईना, पण खरा असेल.

८ एप्रिल, मंगळवार

आज आईला सांगितलं.

तीन दिवस जिन्यापर्यंत जाऊन परत येत होते. आज तीच वर आली, वाटाण्याच्या शेंगा घेऊन, सोलायला. मागच्या खोलीत बसली. ती या खोलीत कधी बसत नाही, म्हणते रजयांमुळे जीव घुसमटतो. मी दार लावलं आणि म्हटलं, "आई, बाबांना होतं ते मला झालंय."

ती रडेल, छाती धरेल, देवाला बोल लावेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. तिने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. दाणे ताटलीत टाकले.

"कुठला हात?"

"डावा."

"गिळायला त्रास?"

"नाही."

"पडलीस का कधी?"

"नाही गं."

"मग फार लवकर कळलं तुला. तुझ्या बाबांना इथवर कळायला दोन वर्षं लागली." तिने ताटली खाली ठेवली. "ऐक. त्यांची पहिली सहा-सात वर्षं चांगली होती. बस सुटली होती, पण चालायचे, बोलायचे, बाजारात जायचे, माझी थट्टा करायचे. आणि मी ती सगळी वर्षं पुढे काय होणार या भीतीत घालवली. रात्रंदिवस. ते हसले की मला वाटायचं, अजून किती दिवस हसतील. मी हसलेच नाही त्यांच्याबरोबर. पुढे जे व्हायचं ते झालंच, माझ्या घाबरण्याने एक दिवस पुढे ढकलला गेला नाही. ती वर्षं मात्र गेली."

मी खाली पडलेला एक दाणा उचलून ताटलीत टाकला.

"मला भीती वाटत नाही असं नाही," आई म्हणाली. "पण या वेळी मी ती चूक करणार नाही. तूही करू नकोस. काम कधी द्यायचंय?"

"शुक्रवारी. दोन ठेके राहिलेत."

"मग वाजव. मी आवाज नाही करणार."

म्हटलं, शेंगांचा आवाज माइकमध्ये येईल. खरं तर पॅडला माइक लागत नाही, पण मला काहीतरी बोलायचं होतं. तिने शेंगा बाजूला ठेवल्या, पदर सावरला आणि हात मांडीवर घेऊन बसली. मी काठ्या उचलल्या. सातवा ठेका एका दमात वाजवला, अठ्ठेचाळीस पावलांचा, आणि वाजवताना तिच्याकडे बघितलं तर ती बसल्या जागी दोन्ही पायांनी ताल धरत होती, उजवा, डावा, उजवा, डावा, आणि माझा डावा हात उशिरा येत होता तेवढीच तीही डाव्या पायाला थांबत होती.